समेट झाला, ऐकून कोणी घेतले?

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेली मोटार शहापूर तालुक्यातून थेट भिवंडीच्या वेशीवर येऊ लागली. रस्ता आला तो शेवटी. त्याच्या कितीतरी आधी आला तो रस्त्याचा पैसा. खरेदीखते झाली, मोबदला खात्यांवर जमा झाला, आणि ज्या घरांत आजवर वाटून घेण्यासारखी भाताची चार खाचरे आणि नाचणी-वरीचे वरकस एवढेच होते, त्या घरांत एकाएकी वाटून घेण्यासारखे बरेच काही झाले.

बँकेच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला सातबाऱ्याचा उतारा कादंबरीसारखा वाचता येतो. आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली असतात. त्यांच्याखाली तीन मुलगे, मयत मुलाची बायको आणि लग्न होऊन कोणी मुरबाडला, कोणी कर्जतला, कोणी कल्याणच्या चाळीत गेलेल्या चार मुली. त्यांतल्या दोघींनी केव्हातरी हक्कसोडपत्रावर अंगठा उठवलेला असतो. भाऊबीजेला माहेरचे बोलावणे चुकू नये, एवढीच त्यामागची अपेक्षा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वाटेकरी केले, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये त्याविषयीचा बराचसा संदेह मिटवला. कायदा स्वच्छ झाला. पण रक्कम जमा झाल्यावर धाकटी बहीण ओटीवर उभी राहून ‘दादा, तेव्हा तू बोललास म्हणून मी सही केली’ असे म्हणते, तेव्हा त्या वाक्याचे काय करायचे हे कोणत्याच कलमात लिहिलेले नसते. ते वाक्य पैशाविषयी आहे आणि नाहीही. दादाला ते नेमके कोठे लागते हे दादाच जाणतो, आणि तो ते बोलत नाही.

असे वाक्य घेऊन माणसे जातात तरी कोठे?

मुंबई-पुण्यात या प्रश्नाला आता तयार उत्तर आहे. तेथे ‘फॅमिली थेरपिस्ट’ नावाचा व्यवसाय रुळला आहे. पाऊण तासाला ठरलेली फी असते, भिंतीवर पदव्या असतात, कोपऱ्यात कागदी रुमालांचा डबा असतो. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा खरा ग्रामीण भाग म्हणून जे उरले, त्यात शहापूर आणि मुरबाड हे दोन मोठे तालुके. तेथे घरातले भांडण घराबाहेर पडले की ते ठरलेल्या वाटांनीच चालते. पहिली वाट मामाची. मुलीकडचा मामा आणि मुलाकडचा काका बसतात, चहा होतो, दोघांनाही चार शब्द सुनावले जातात. तेथे भागले नाही तर गावकी. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा या गावकीला सरकारी नाव, समिती आणि बक्षिसाची रक्कमही मिळाली. तेथेही जुळले नाही तर पोलीस ठाणे. पाड्यांवर भगत असतो. भगताच्या उपचारांविषयी माझे मत काहीही असो, तो घाई करीत नाही. रात्र-रात्र बसतो, घरातल्या प्रत्येकाला विचारतो. शहरी डॉक्टरांनी त्याच्याकडून एवढे तरी उचलावे.

आणि एक वाट बँकेच्या मॅनेजरकडे येते. ही वाट कोणी आखलेली नाही. ग्रामीण शाखेत काम केलेल्या कोणालाही विचारा. दुपारी गर्दी ओसरल्यावर एखादी बाई केबिनच्या दारात घुटमळते आणि म्हणते, ‘साहेब, माझ्या नावावर किती आहेत तेवढेच सांगा, आणि ह्यांना सांगू नका.’ आम्हा मंडळींना नोकरीत रुजू होताना गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही करावी लागे. त्या कागदाचा खरा उपयोग मोठ्या ठेवीदारांपेक्षा अशा बायांना अधिक झाला असावा. खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे असेल तर तिलाही पैसे काढता येतात, हे तिला कोणी सांगितलेले नसे. ते सांगणे हे बँकेचे काम होते. त्यापुढचे, म्हणजे हे कळल्यावर ती घरी जाऊन काय करील आणि तिचे काय होईल, हे आमच्या कामाच्या बाहेरचे होते. त्या बाहेरच्या जागेविषयीच मला आज लिहायचे आहे.

मामा, तंटामुक्त समिती, हवालदार या सर्वांना एकच गोष्ट हवी असते: समेट. त्यात वाईट काही नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यापेक्षा दोन तासांचा समेट केव्हाही स्वस्त, आणि या मंडळींना घर ठाऊक असते, जमीन ठाऊक असते, कोण कोणाशी केव्हापासून बोलत नाही हेही ठाऊक असते. पण नवरा-बायकोच्या भांडणात या समेटाला आपल्याकडे एक ठरलेले रूप आहे. त्याचे नाव ‘नांदायला पाठवणे’. नांदणे हा शब्द किती सुंदर आहे! सुख नांदते, शांती नांदते. सून मात्र नांदवली जाते, नांदायला पाठवली जाते, नांदत नाही म्हणून परत आणून सोडली जाते. ‘आता काही तक्रार नाही ना?’ असे पंचांनी सर्वांदेखत विचारायचे आणि तिने पदर सावरत मान हलवायची. कागदावर दोघांच्या सह्या होतात, प्रकरण मिटते, गावाच्या आकड्यांत एक तंटा कमी होतो. ती पुन्हा त्याच घरात जाते, त्याच चुलीपाशी. तिला मारले का जाते, किंवा तो दारू का पितो, किंवा सासूला रात्री झोप का लागत नाही, हे कोणी विचारलेले नसते, कारण समेटाला त्याची गरज नसते.

समुपदेशक नावाचा माणूस, आणि आपल्याकडे तो बहुधा बाईमाणूस असतो, या ठिकाणी वेगळा पडतो. लोक तिला ‘कौन्सिलिंगची मॅडम’ म्हणतात. ही मॅडम येते कोठून?

तिचे पहिले घर समाजकार्याचे शिक्षण. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने देशातले समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या वस्तीत काम करून आलेले होते. कुटुंबाकडे पाहायचे ते त्याच्या वस्तीसकट, पगारासकट आणि पाण्याच्या नळासकट, ही शिकवण त्या परंपरेतली आहे. याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत, पण पोलिसांच्या गणवेशाबाहेर, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसलेली. छळ होत असलेल्या बाईने आधी तिच्याशी बोलावे, अशी ती योजना होती. पुढे राज्य शासनाने ती महाराष्ट्रभर नेली. त्याच १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये पुणे-मुंबईत ती न्यायालये उघडली. तेथल्या विवाह समुपदेशकासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि कामाचा अनुभव मागितला गेला, आणि त्याच्यासमोर बोललेले गोपनीय मानले गेले. मात्र हा कायदा दहा लाखांहून मोठ्या शहरांत असे न्यायालय काढणे सरकारवर बंधनकारक करतो. इतरत्र ते सरकारच्या मर्जीवर सोडतो. तालुक्यातली बाई पोटगी मागायला जाते ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, जेथे त्याच दिवशी मोटार अपघात आणि चोरीची प्रकरणेही असतात.

दुसरे घर चळवळीचे. १९८२ मध्ये मंजुश्री सारडा हिच्या मृत्यूने पुणे हादरले. त्यानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, आणि या मंचाच्या समुपदेशन केंद्राला नाव दिले ‘बोलते व्हा’. या दोन शब्दांत जेवढे आले आहे तेवढे पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणातही येत नाही. पुढे २००८ मध्ये पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. नवऱ्यालाही कोणाशी तरी बोलावेसे वाटत असेल, ही कल्पना आजही अनेकांना चमत्कारिक वाटते.

तिसरे घर मनोविकारांच्या उपचारांचे. आमच्या भागात ‘ठाण्याला जाणे’ याला दोन अर्थ आहेत: कलेक्टर कचेरीत जाणे, आणि दुसरा कोणी हसत सांगतो, कोणी कुजबुजत. १९०१ पासूनचे ते मनोरुग्णालय पिढ्यान् पिढ्या भीतीचा विषय होऊन बसले. त्याच ठाणे शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि मनाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जाणे हे चष्म्याचा नंबर काढण्याइतके साधे व्हावे यासाठी खपले. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथे व्यसनी माणसावर उपचार होतातच, शिवाय त्यांच्या पत्नींचाही ‘सहचरी’ नावाचा गट असतो. दारू एक माणूस पितो, पण तिच्याभोवती सगळे घर आपापला आकार बदलून बसलेले असते, हे तेथे ओळखले गेले.

हा विचार आपण पश्चिमेकडून उसना आणला असे समजायचे कारण नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात लष्कराकडून तंबू मागून आणले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच राहायला लावले. माणूस टाकून द्यायला आलेले घर त्याची शुश्रूषा शिकून त्याला घेऊन परत जाऊ लागले. अमेरिकेत या शास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली जात असताना आपल्याकडे ते तंबूत चालू होते.

तेव्हा कोणी समुपदेशक म्हणून समोर बसला तर त्याचे शिक्षण कोणत्या घरातले, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. डॉक्टरला आपण विचारत नाही, कारण त्याच्या पाटीमागे कायदा उभा असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तिचा कायदा १९९२ चा. पण नुसता ‘समुपदेशक’ हा शब्द दीर्घकाळ कोणाच्याच मालकीचा नव्हता. चार दिवसांचे शिबिर केलेला, वास्तुशास्त्र सांगणारा, विवाह जुळवणारा, कोणीही तो पाटीवर लिहीत असे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि वर्तन-आरोग्याच्या वर्गात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश झाला. गिऱ्हाइकाला मात्र नोंदणी विचारायची सवय अजून लागलेली नाही. सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतो.

शिक्षण झाले. आता ती खोलीत नेमके करते काय?

एक घर मनात धरू. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास ते कुठेही सापडेल. मुलगा कारखान्यात कंत्राटदाराकडे लागलेला. बायको शहापूर तालुक्यातली, बारावी झालेली, नोकरी करू म्हणणारी. सासरे शेत पाहतात. मुलाचे एटीएम कार्ड त्यांच्या बंडीच्या खिशात. खर्चाला पैसे सासूबाई देतात, मोजून. सुनेला दवाखान्यात जायचे तर एस.टी.च्या भाड्यापासून मागावे लागते. मुलगा आठवड्यातून तीनदा पिऊन येतो. घराची तक्रार काय? ‘सुनेचे घरात लक्ष नाही.’

मामा असता तर सुनेला समजावले असते. समुपदेशक आधी सर्वांना एकत्र पाहते आणि फारसे बोलत नाही. कोण कोठे बसले ते पाहते. सासूबाई मधोमध, मुलगा त्यांच्या हाताशी, सून दाराजवळ. मुलाला प्रश्न विचारला की उत्तर आईकडून येते. ‘हा काय बोलणार, याला कामाचा त्रास किती!’ मग ती म्हणते, ‘मावशी, थोडा वेळ याला बोलू द्या. चुकला तर मागून तुम्ही सांगा.’ आणि मुलाला खुर्ची उचलून बायकोशेजारी बसायला सांगते. एवढीशी गोष्ट. पण त्या खोलीत त्या क्षणी जी अस्वस्थता पसरते ती पाहिल्यावर कळते, की घरात कोणती भिंत कोठे आहे.

खुर्च्या हलवण्याची ही युक्ती साल्व्हादोर मिनुचिन या अर्जेंटिनात जन्मलेल्या डॉक्टरची. न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या वाट चुकलेल्या मुलांच्या घरांबरोबर काम करताना त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की सुखवस्तू माणसाला कोचावर बसवून बालपण आठवायला लावणारी पद्धत येथे कुचकामी आहे. या घरांना समोर घडताना दिसले पाहिजे. त्या कामाचे पुस्तक १९६७ मध्ये निघाले. मरे बोवेन या दुसऱ्या डॉक्टरने त्रिकोणाची कल्पना मांडली: दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात. सासू-सुनेच्या मालिका पाहणाऱ्या आपल्या वाचकभगिनींना ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. फक्त त्रिकोणाचा तिसरा कोन कोण, हे मालिकेत दाखवत नाहीत. वरच्या घरात सासू आणि सून कडाडून भांडतात तोवर मुलाची दारू आणि मुलाचे मौन यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दोघींच्या भांडणाने त्याला आडोसा मिळालेला आहे. ते भांडण थांबले तर पहिला उघडा पडेल तो तोच.

त्यानंतर ती प्रत्येकाला एकेकटे भेटते. सुनेला विचारते, ‘घरी परत जायला भीती वाटते का?’ हा प्रश्न सर्वांदेखत विचारायचा नसतो, हे ज्याला माहीत नाही त्याने या कामात पडू नये. सासूबाईंना एकटे भेटल्यावर बऱ्याचदा वेगळीच बाई समोर येते: सोळाव्या वर्षी या घरात आलेली, स्वतःच्या सासूकडून पैसे मोजून घेतलेली, आणि मुलाचा पगार हातातून गेला तर आपल्याला उद्या कोण विचारील या भीतीने पछाडलेली. तिची भीती खोटी नाही. तिच्या नावावर काहीच नसते. येथे मला माझा जुना धंदा आठवतो. सासूच्या नावाने लहानशी आवर्ती ठेव उघडली आणि कार्ड ज्याचे त्याच्याकडे गेले, तर अर्धे भांडण मानसशास्त्राशिवाय मिटते. उरलेल्या अर्ध्याला मानसशास्त्र लागते.

आणि ती निकाल देत नाही. याने माणसे फार चिडतात. ‘एवढे दोन तास बसलो, मॅडमनी काय करायचे ते सांगितलेच नाही!’ आपल्याला निकालाची सवय आहे. कोणाचे चुकले ते कळले की बरे वाटते. ती मात्र पुढच्या भेटीपर्यंत एखादेच काम देते: या पंधरवड्यात पगार झाल्यावर दोघांनी मिळून खर्चाचा हिशेब लिहायचा, एवढेच. हिशेब लिहिला का, कोणाच्या हातात पेन्सिल होती, कोठे अडले, यावर पुढची भेट.

येथवर सारे ठीक. पण पुस्तकातली ही मॅडम एप्रिल महिन्यात शहापूरच्या एखाद्या पाड्यावर आली तर तिचे अर्धे शास्त्र उंबऱ्याबाहेर राहते. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे याच तालुक्याच्या अंगावर आहेत, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. जिची पहाट हंड्यामागे जाते तिला ‘रोज अर्धा तास एकमेकांसाठी काढा’ असे सांगणे ही थट्टा आहे. कातकरी घराची गोष्ट तर आणखी वेगळी. पावसाळा सरला की भट्टीवाल्याची उचल येते आणि ती उचल एकट्या माणसाला नसते, जोडीला असते. नवऱ्याने माती कालवायची, बायकोने विटा वाहायच्या. जोडी फुटली तर उचल फेडायची कशी? त्या बाईने मारकुट्या नवऱ्याला सोडावे की नाही, हा प्रश्न मुळात तिच्या आणि नवऱ्याच्या मधला उरलेलाच नाही. त्यात मुकादम आणि भट्टीमालक येऊन बसले आहेत. जोडी लागते म्हणून कोवळ्या वयात संसार मांडले जातात. अशी मुलगी दिवस गेल्यावर रुग्णालयात आली, तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ती गोष्ट पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून चांगली समुपदेशक पहिल्याच भेटीत सांगते, ‘तुमचे बोलणे माझ्यापाशी राहील, पण या-या गोष्टी मला लपवता येणार नाहीत.’ हे आधी सांगितले तर मुलगी कदाचित गप्प बसेल. न सांगता नंतर कळवले तर तिचे अख्खे गाव पुन्हा त्या दारात येणार नाही. या पेचाला सोपे उत्तर मला तरी दिसत नाही.

समुपदेशनाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे, कारण ती गोड शब्दांत झाकली जाते. ‘आधी कौन्सिलिंग करून घ्या’ हे वाक्य तक्रार न नोंदवण्याचे साधन होऊ शकते. जखम दिसत असतानाही तारखा पडत राहतात. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचे नियम करणाऱ्यांना हा धोका दिसला असावा. न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतो; पण त्या बैठकीत हिंसेचे समर्थन करायला नवऱ्याला मुभा नाही. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य तेथे चालत नाही. योग्य वाटल्यास पुन्हा हात उचलणार नाही असे त्याच्याकडून लिहून घ्यायचे. आणि दोघांपैकी कोणाच्या नात्यातला किंवा प्रकरणात हितसंबंध असलेला माणूस, सर्वांनी लेखी संमती दिल्याखेरीज, समुपदेशक होऊ शकत नाही.

हा शेवटचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. गावचा पंच कोणाचा तरी चुलता असतो, कोणाचा तरी व्याही. तसा नसता तर त्याचे कोणी ऐकलेच नसते. त्याचे बळ त्याच्या नात्यात आहे. समुपदेशकाचे बळ नाते नसण्यात. पंचापुढे सून बोलते तेव्हा तिला ठाऊक असते की संध्याकाळी हे पारावर पोचणार. परक्या बाईपुढे ती पहिल्यांदा पुरते वाक्य बोलते. मामाला आणि पंचांना बाजूला सारा असे मी म्हणत नाही. शेताच्या बांधाचा वाद त्यांनीच सोडवावा. पण बंद दाराआड काय होते हे कळण्यासाठी ज्याचा त्या घराशी काही संबंध नाही असे माणूस लागते, आणि त्याला ऐकायचे शिक्षण लागते.

अशी माणसे या भागात अगदीच नाहीत असे नाही. एड्सच्या साथीने एक अनपेक्षित गोष्ट केली: सरकारी रुग्णालयांत तपासणीबरोबर समुपदेशकाचे पद आणले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, मराठीतूनही बोलता येते. मात्र दोन खोल्यांच्या घरात, जेथे मोबाइल एकच आणि तोही नवऱ्याचा, तेथे सुनेने बोलायचे कोठून? विहिरीवर रेंज नसते.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचे नाव येथे घेतले पाहिजे. ८ मार्च २०१६ रोजी तेथे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या, कोणी त्याहूनही मोठ्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन निघाल्या, आणि देशोदेशींचे छायाचित्रकार त्यांच्या मागे आले. छायाचित्रांत न येणारी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. शिकवायला गावातलीच एक सून होती, आणि विद्यार्थिनींत तिची सासूही. रोज दुपारी दोन तास सून फळ्यापाशी उभी आणि सासू समोर बसून गिरवते आहे. खुर्च्यांची ही अदलाबदल करायला कोणी मिनुचिन आला नव्हता. अंगठा उठवणाऱ्या बाईला स्वतःची सही आली म्हणजे हक्कसोडपत्र वाचल्याशिवाय ती पुढे सरकवणार नाही, हा त्यातला आणखी एक लाभ. बँकवाल्याच्या नजरेतून सुटणार नाही असा.

तालुक्याच्या गावी पदव्यांनी मढवलेला दवाखाना उघडावा अशी माझी मागणी नाही. फीच्या पैशांत घरातले आठवड्याचे तेल-मीठ येते. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावांना नगरपंचायती आहेत. त्यांच्या इमारतीत, बाजाराच्या दिवशी, दार लागणारी एक खोली द्यावी. बाजाराला आलेल्या बाईला घरी कारण सांगावे लागत नाही. दारावर ‘महिला अत्याचार’ असली पाटी नको; ‘सल्ला केंद्र’ पुरे. आत नोंदणी असलेली, भट्टीची उचल आणि सातबारा दोन्ही समजणारी, त्या गावात माहेर किंवा सासर नसलेली समुपदेशक असावी. तिचा पगार मिटवलेल्या तंट्यांच्या संख्येवर ठरू नये. आणि भेटीची वेळ पाऊण तास की दीड, हे तिने घड्याळ पाहून ठरवू नये. शहापूरचे लोक आसनगावची लोकल तरी गाठतात, मुरबाडला आजही रेल्वे नाही. समोर बसलेल्या बाईला तिने नावानंतर लगेच विचारावे, ‘परतीची एस.टी. किती वाजता आहे?’